बाजू बदलायचा शुक्रवार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. एका व्यक्तीला सांगायला गेलो होतो, पण तिला ते आधीच माहीत होतं. म्हणजे ते सांगणं धरता येणार नाही.

कुवेतमधल्या अब्बासियात आमचा शुक्रवारचा एक कट्टा आहे. जुम्म्याची नमाज आटोपून अन्वरभाई यायचे, कुणाच्या तरी फ्लॅटवर जेवण व्हायचं, मग एखाद्या विषयावर दोघांनी समोरासमोर बोलायचं. (अन्वर हे त्यांचं खरं नाव नव्हे. बाकीचीही नावं मी बदलली आहेत.) कट्ट्याचा एक नियम होता — वर्षातून एकदा बाजू बदलायची. जन्मभर ज्याला विरोध केला, त्याच मताची वकिली करायची, मनापासून. आणि त्या दिवशी जे बोललं जाईल, ते पुढे कुणी कुणाला ऐकवायचं नाही. चांगला नियम होता. मी त्याचं काय केलं, तेच सांगायचं आहे.

मी इथल्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन आहे. बोलतो कमी, वाचतो जास्त; म्हणून कट्ट्यावर मला मास्तर म्हणतात. माझं मत ठरलेलं — कुठल्याही सरकारने आपलं सैन्य दुसऱ्याच्या देशात नेऊ नये, हेतू कितीही चांगला असो. सैन्य गेलं की कर वाढतात, सरकार फुगतं, आणि युद्ध संपल्यावर ते पुन्हा आकसत नाही. दुसऱ्याच्या मुलाला मरायला पाठवून आपण दयाळू ठरत नाही. व्यापार करा, माणसांना ये-जा करू द्या, पण हत्यार घेऊन कुणाच्या घरात शिरू नका. आजही मला हेच वाटतं.

अन्वरभाई दापोलीकडचे. खैतानमध्ये एसीच्या सुट्या भागांचं दुकान. ते जुन्या वळणाचे. देशाला शब्द असतो, हद्द असते, दोस्त असतात, असं ते म्हणायचे. जगभरची धुणी धुवायला जाऊ नये हे त्यांनाही मान्य होतं. पण ज्याला शब्द दिला त्याचं घर लुटलं जात असेल तर जायचं, आणि जाण्याइतकं बळ अंगात ठेवायचं. माझं बोलून झालं की हसून म्हणायचे, "मास्तर, तुमच्या पुस्तकाप्रमाणे चाललं असतं तर आज तुम्ही बगदादचा पगार घेत असता." सगळे हसायचे. मीही हसायचो. आणि आतून — कसं सांगू — जळायचो. कारण इराकने गिळलेलं कुवेत परक्या फौजांनीच सोडवलं, आणि तिथेच बसून या वाक्याला उत्तर देणं सोपं नाही.

छातीत दुखतं म्हणून ते एकदा तपासणीला आमच्याकडे आले. रक्त मीच घेतलं. सुई हातात टोचलेली असली की माणसं दुसरीकडे बघतात आणि काहीबाही बोलतात, हा माझा रोजचा अनुभव. अन्वरभाई भिंतीकडे बघत बोलू लागले. नव्वद सालची गोष्ट. ते नुकतेच गावाहून आलेले, पोरसवदा. खैतानमधल्या ज्या इमारतीत कामगारांची खोली होती, तिथेच खाली एक कुवेती कुटुंब राहायचं. त्यांचा मुलगा सालेम यांच्याच वयाचा, रोज संध्याकाळी सोबत बसणारा. इराकी सैनिक त्याला शोधत आले तेव्हा तो वर धावत आला आणि यांचं दार ठोठावू लागला. नाव घेऊन हाका मारल्या. हे आत होते, कडी लावून. हा आपला देश नाही, आपलं भांडण नाही, असं स्वतःला सांगत उभे राहिले. मग बूट वाजले, आणि हाका थांबल्या. नंतर दार उघडलं तर उंबऱ्यापाशी एकच चप्पल पडलेली. ती उचलून त्यांनी सालेमच्या आईला नेऊन दिली — जिन्यात सापडली म्हणून. सालेम परत आला नाही.

पुढे दर ईदला अन्वरभाई त्या म्हातारीकडे जात राहिले. ती आता सबाह अल-सालेम नावाच्या भागात राहते. रेहानाभाभी, म्हणजे त्यांच्या पत्नी, हाताने केलेल्या सांदणांचा डबा द्यायच्या. म्हातारी त्यांना मुलगा म्हणायची. ती चप्पल तिने काचेच्या कपाटात ठेवली आहे. खरं काय घडलं ते तिला ठाऊक नव्हतं, भाभींनाही नव्हतं; चप्पल जिन्यात सापडली, एवढंच दोघींना माहीत.

"मास्तर, ज्याने दार उघडलं नाही ना, त्यालाच कळतं दुसऱ्यासाठी धावून येणं काय असतं," ते म्हणाले. मी कापसाचा बोळा दाबून धरला आणि मान डोलावली.

नंतर आखातावर पुन्हा युद्धाचं सावट आलं, आणि बाजू बदलायच्या शुक्रवारी तोच विषय निघाला. अन्वरभाईंनी माझी बाजू मांडली. आणि काय मांडली! सोडवायला येणाऱ्या सैनिकालाही आई असते, म्हणाले. मदतीला आलेली फौज पुढच्या दहा वर्षांत आणखी कुणाच्या घरात शिरेल हे मदत मागणाऱ्याला ठरवता येत नाही, म्हणाले. इतकी वर्षं जे मी पुस्तकांतून सांगत होतो, ते त्यांनी माणसाच्या भाषेत सांगितलं. लोक पुढे सरकून ऐकत होते. माझं मत, आणि माझ्यापेक्षा चांगलं!

मग मी उठलो.

एका माणसाची कल्पना करा, मी म्हणालो. शेजारच्या पोराला सैनिक न्यायला आलेत. पोरगा याचं दार ठोठावतोय, आणि हा कडी लावून स्वतःला बजावतोय की हा माझा देश नाही. सकाळी उंबऱ्यावर एक चप्पल उरते. हस्तक्षेप नको म्हणणारा माणूस तो हाच — दारामागचा भेकड. असं म्हणालो. भेकड हा शब्द मी निवडून वापरला. टाळ्या पडल्या. अन्वरभाई खाली बघत होते. त्या दिवशी जेवणाच्या मदतीला आलेल्या रेहानाभाभी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, आणि त्या हलत नव्हत्या.

जिन्यात अन्वरभाई इतकंच म्हणाले, "बाजू बदलून बोललात ना? मग ठीक आहे." मी हो म्हणालो. ठीक होतं का ते? त्या क्षणी तरी माफी मागता आली असती. पण नियम होता ना — त्याचंच दार करून, कडी लावून मी आत उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी भाभींचा फोन. "भाऊजी, काल सांगितलीत ती गोष्ट कुणाची?"

मी म्हणालो, पुस्तकात वाचली होती.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

अन्वरभाई कट्ट्यावर परत आले नाहीत. कुणी विचारलं की दुकानात काम वाढलंय, असं मीच सांगायचो. गेल्या थंडीत ते गेले. मातीला मी होतो, रांगेत उभा राहून सगळ्यांशी हात मिळवले. रडलो खूप. लोकांना वाटलं, केवढी दोस्ती.

मागच्या महिन्यात मी भाभींकडे गेलो. सुरुवात करायला खूप वेळ लागला. त्यांनी चहा ठेवला, माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्यांनी मला त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. गाडीत. मी फोन केला तो तुम्ही खरं बोलता का बघायला."

पुढचंही त्यांनीच सांगितलं. म्हातारीला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको, म्हणून अन्वरभाई त्याच आठवड्यात स्वतः सबाह अल-सालेमला गेले होते. सगळं सांगून आले. ती काय म्हणाली ते त्यांनी घरी सांगितलं नाही. पण त्यानंतरच्या ईदला ते डबा घेऊन गेले, तेव्हा दार उघडलं नाही. त्याच्या पुढच्या ईदलाही नाही.

मी जन्मभर सांगत आलो, हत्यार घेऊन कुणाच्या घरात शिरू नका. अन्वरभाईंच्या घरात मी शिरलो. त्यांनीच विश्वासाने हाती दिलेलं हत्यार घेऊन. कुणाला वाचवायला? कुणालाच नाही. मला एक वाद जिंकायचा होता. भेकड म्हणालो त्या माणसाने शेवटी जाऊन म्हातारीसमोर तोंड उघडलं. मी फोनवरही उघडलं नाही.

निघताना, कट्ट्यावर त्यांचं सांगायला हरकत नाही ना, असं विचारलं तेव्हा भाभी म्हणाल्या, "त्यांनी त्यांचं सांगून टाकलं. तुम्ही तुमचं सांगा." कप उचलून त्या आत गेल्या.

या शुक्रवारचा विषय मी मागून घेतला आहे. हा बाजू बदलायचा शुक्रवार नाही. उभा राहीन आणि सांगेन की ती गोष्ट कुठल्याही पुस्तकात नव्हती, ती मी कुणाची चोरली, आणि कशासाठी. ते हसतील, उठून जातील किंवा मला पुन्हा बोलावणार नाहीत — ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

भाभींना बोलावलेलं नाही. बोलावलं तर ते पुन्हा त्यांच्याकडे काहीतरी मागणंच होईल.