काळीतलं घर

रेवती दूध पिता पिता झोपते. माझ्या गाऊनची कड तिच्या मुठीत अडकलेली, म्हणून मीही तिच्याशेजारी आडवी होते. दुपार आहे. मला झोपायचं नाहीये. संध्याकाळपर्यंत सुहासला हो की नाही ते सांगायचंय. वसमत रोडचा प्लॉट त्याला बघताक्षणी आवडला. "काळीभोर माती आहे, बाग काय फुलेल बघ!" मला मात्र तिथे उभं राहिल्यापासून तो नकोसा वाटतोय, आणि का ते त्याला सांगता येत नाहीये. एवढ्या लहान लेकराला घेऊन भाड्याच्या घरांतून किती हिंडायचं, हे त्याचं म्हणणंही खरंच आहे. मी रेवतीची छाती खालीवर होताना बघत राहते. पंख्याचा आवाज लांब जातो आणि गादीखाली ढेकळं टोचू लागतात.

मी प्लॉटवर आहे. रेवती कडेवर. फक्कीच्या पांढऱ्या रेघांनी आमचं घर आखलेलं आहे आणि स्वयंपाकघराच्या जागी अण्णा उकिडवे बसलेत. माझे वडील. रेवतीच्या जन्माआधीच गेलेले. पोस्टातून आले की घालायचे तोच पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा.

"चपला काढ," ते म्हणतात. "स्वयंपाकघर आहे हे."

मी काढते. मला त्यात काहीच वावगं वाटत नाही.

"हीच का ती?"

"हो. रेवती."

"नाक माझं आलंय. बिचारी!"

रेवती त्यांच्याकडे टक लावून बघते. अनोळखी माणसाला बघून रडते एरवी.

"अण्णा, घेऊ का हा प्लॉट?"

"आधी दार उघड."

मोकळ्या रानात एक हिरवं दार उभं आहे. आमच्या जुन्या घराचं, दर पावसाळ्यात अडकून बसणारं. मी खांदा लावून ढकलते आणि आत आमची खोली आहे. माझी खाट. खाटेच्या वर, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग. ती वाढतेय का हे कळावं म्हणून अण्णांनी तिच्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवली आहे. पट्टी तडकली की समजायचं, भिंत अजून हलतेय. दरवर्षी तडकायची. दरवर्षी ते नवी लावायचे आणि म्हणायचे, आता बसली बरं का भिंत.

"मी हिच्याखाली झोपायचे, अण्णा."

"झोपायचीस कुठं? मी उठून बघायचो तर तुझे डोळे टक्क उघडे."

"भिंत पडेल असं वाटायचं."

"मग मी कशाला उठत होतो?"

आम्ही दोघं हसतो. हे आम्ही एकमेकांना कधी सांगितलंच नव्हतं.

भिंत कुठेतरी निघून जाते. पुन्हा रान. अण्णा रेवतीच्या बाटलीतलं पाणी ओंजळभर मातीवर ओततात, कणकेसारखी मळतात, दोन्ही तळव्यांमध्ये वात वळतात. बारीक, लांब. मग ती गोल वाकवतात. कुठेच तुटत नाही.

"बघितलंस? रेती असती तर मोडली असती. ही नुसती चिकण. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वर जे असेल त्यालाही हलवते. पिकाला सोनं, भिंतीला नाही. आई सांगायची, काळीत पेरावं, पांढरीत राहावं. गावं काय उगाच पांढरीवर वसलीत? मी म्हटलं, आई, आता सिमेंट आलंय!"

"मग नको म्हणू सुहासला?"

"नको कशाला? काळीत घर होतच नाही असं नाही. आधी खड्डा खणून बघा. खाली मुरूम कुठं लागतो ते बघा. पाया त्याच्यावर बसला पाहिजे. जाणत्या माणसाला विचारा. मी वरच्यावर बसवला. घाई होती."

"कसली घाई?"

ते हातातल्या वातीची दोन टोकं जुळवतात. बोटानं दाबतात.

"तू येणार होतीस."

कडेवरची रेवती एकदम जड होते.

"दवाखान्यातून तुला आपल्या स्वतःच्या घरात आणायचं होतं," ते म्हणतात. "आणलंही. सगळ्या आळीनं पेढे खाल्ले."

"छान होतं घर, अण्णा."

"खोटं बोलू नकोस. दार लागत नव्हतं."

"पण छान होतं."

ते मातीचं कडं रेवतीच्या मनगटात घालतात. बरोबर मापाचं होतं.

"अण्णा, तोंडात घालेल ती!"

"घालू दे. तू कमी खाल्लीस का?"

फोन वाजतोय. रानात कुठेतरी, मग उशीखाली. सुहास आहे.

"मधू, काय ठरलं? त्यांचा परत फोन येऊन गेला. दुसरं गिऱ्हाईक आहे म्हणे."

"आधी खड्डा खणून बघू. मुरूम किती खाली आहे ते."

"कसला खड्डा? अगं, तोवर प्लॉट जाईल हातचा. रेवतीच्या वाढदिवसापर्यंत काम सुरू व्हावं असं तूच..."

"गेला तर जाऊ दे," मी म्हणते. "तिच्यासाठी घाई नको करायला, सुहास."

तो म्हणतो, "रडतेयस का?"

"नाही. झोपेतून उठलेय."

रेवती जागी आहे. हात तोंडाकडे नेतेय. मी तो हळूच धरते. मनगटात काळ्या मातीचं कडं आहे, अजून ओलं. जिथे टोकं जुळवलीत तिथे बोटाचा ठसा आहे. मी त्यावर माझा अंगठा टेकवून बघते. ठसा अंगठ्यापेक्षा मोठा आहे, सगळीकडून उरतो.