दोरीवर वाळणारे हातमोजे

हातमोजे मागितले, तर मॅडम मान वर न करता म्हणाल्या, “अहो मावशी, तुम्हाला काय ऑपरेशन करायचंय?”

काउंटरवरची पोरं खी-खी हसली. मावशी म्हणे! मी त्या बाईपेक्षा चांगली दहा-बारा वर्षांनी लहान.

सदाशिव पेठेतली मॅडमची लॅब. कोरोनाचे दिवस. बाहेर अँटिजेन टेस्टला रांग, त्यात आयटीतली पोरं जास्त. नाकात काडी घालणाऱ्यांना नवे हातमोजे, तोंडावर शील्ड. त्या काड्या, नळ्या, वापरलेली किटं उचलणारी मी. मला त्यांनी काढून टाकलेले हातमोजे. साबणानं धुवायचे, मागच्या गॅलरीत दोरीवर वाळवायचे, तेच घालायचे. बोटांत फाटलेले. घातक कचऱ्याची पिवळी पिशवी भरली तरी बदलायची नाही. मॅडम म्हणायच्या, हातानं दाबा, अजून मावेल. दाबलं की नळ्यांतलं पाणी फाटक्या बोटातून आत. आणि माझा चहाचा कप मात्र वेगळा, खिडकीत पालथा. माझा विटाळ त्यांना चालत नव्हता. त्यांच्या पेशंटांची घाण माझ्या हातांना चालत होती.

घरी माय होती. वऱ्हाडातून माझ्यासोबत आलेली, दम्याची. खोली एकच. मी दारात पाय ठेवला की विचारायची, “हात धुतले काय वं?” धुवायचे. कातडी निघेस्तोवर रगडायचे. आधी मला ताप आला, मग तिला. मी उठले. माय उठली नाही.

तेरवी झाली नि कामावर गेले. वाटलं, दोन शब्द तरी बोलतील. मॅडमनी खुर्ची मागे सरकवली. “तुमच्या वस्तीतूनच आलं असणार हो ते. आमच्याकडे सगळं स्वच्छ असतं.” आणि कामाला लागा म्हणून गॅलरीतल्या दोरीकडे बोट केलं.

तळपायाची आग मस्तकात गेली. दोरीवरचे हातमोजे ओढले. भरलेली पिवळी पिशवी गाठ मारून उचलली आणि तिच्या टेबलावर ठेवली, जेवणाच्या डब्याशेजारी. वर हातमोजे फेकले. म्हटलं, “घाला. आणि दाबा.”

बाई भिंतीला चिकटली. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. ही भीती मी रोज पोटात घेऊन घरी जात होते.

नोकरी गेली. जाणारच होती. महापालिकेत तक्रार दिलीय. साहेब उद्या या म्हणतात, मी उद्या जाते. मॅडमनी निरोप धाडला, परत या, नवे हातमोजे देऊ. शेजारणी म्हणतात, सोड बाई, गेलेलं माणूस परत येत नाही. माहीत आहे मला. म्हणूनच सोडणार नाही. त्या लॅबला टाळं लागलेलं मला बघायचंय. त्याच पेठेत, दिवसाउजेडी, तिच्या लोकांसमोर.