चाळीसेक पोती

“चुकीचा आकडा आला म्हणून मशीननं अंग टाकून द्याची काय गरज हाय? परत इचारावं,” असं खुशी कॉलेजात असताना एकदा म्हणाली होती. तेव्हा बोलायला काय जात होतं?

फुलसावंगीच्या शेतकऱ्याची ही पोरगी. ढाणकीच्या एका सोयाबीन खरेदी केंद्रासाठी तिनं टोकनचा प्रोग्राम लिहिला. पडद्यावर नाव टाकायचं, पोती किती ते टाकायचं, की नंबर मिळाला. पण तिच्या भागातली जुनी माणसं माप होण्याआधी राशीचा नेमका आकडा तोंडातून काढत नाहीत. रास रुसते म्हणतात. मग लोक लिहीत ‘चाळीसेक’, नाहीतर ‘दहा-बारा’. प्रोग्रामला त्याचा आकडा करता येईना, तो जागच्या जागी बंद पडे आणि फाटकाबाहेर ट्रॅक्टर खोळंबत.

खुशीनं घाईत ठिगळ लावलं: आकडा होत नसला तर शून्य धर. बंद पडणं थांबलं. दुपारी ‘चाळीसेक’ लिहून बसलेल्या मैनाबाई खिडकीशी आल्या.

“काहून वं पोरी, माहा ट्रॅक्टर रिकामा हाय म्हणते तुही मशीन. मंग वरतं काय माहा सासरा बसला हाय?”

रांग हसली. व्यवस्थापक नरहरकाका तेवढे हसले नाहीत.

“बंद पडायचं तेव्हा निदान कळायचं तरी,” ते म्हणाले. “आता बिनबोभाट खोटं बोलतं. संध्याकाळपर्यंत बघतो, नाहीतर उद्यापासून आपली हातानं चिठ्ठी. लोकांना धड आकडा लिहिता येत नाही, त्याला तू तरी काय करणार?”

“लोकायले येते, काका. मलेच इचारता येऊन नाही राह्यलं.”

ती काट्याजवळच्या बाकावर लॅपटॉप घेऊन बसली. शून्य हा काही ‘माहीत नाही’चा भाऊ नव्हे. एखादा खरंच रिकाम्या हातानं येतो, एखाद्याला सांगायचं नसतं; दोघांना एकाच पाटावर बसवणं हा उद्धटपणाच. तिनं ठिगळ उसवलं. आता प्रोग्राम आधी स्वतःशी एवढंच ठरवणार होता: हा आकडा आहे की नाही? असला तर पुढे. नसला तर आरडाओरडा नाही, शून्यही नाही. टाकलेलं नाव तसंच ठेवून माणसाला त्याच्याच शब्दात विचारायचं.

मैनाबाईंनी पुन्हा लिहिलं, ‘चाळीसेक’. पडद्यावर उमटलं: ‘चाळीसेक म्हणजे कमीत कमी किती?’

“कमीत कमी होय? मंग पस्तीस लिव्हाले काय जाते.” टोकन बाहेर आलं. “आता मानसावानी बोलते.”

तेवढ्यात टोकन लावून ठेवा म्हणून नरहरकाकांना एका शेतकऱ्याचा फोन आला. फोन कानाला लावूनच त्यांनी ऐकलं ते पडद्यावर टाकलं, ‘पन्नासेक’. पडद्यानं विचारलं. “अहो, कमीत कमी किती ते सांगा,” काका फोनमध्ये खेकसले, “पंचेचाळीस? बरं.” टोकन निघालं. फोन ठेवून त्यांनी फाटकावरच्या माणसाला हाक दिली, “उद्याही मशीनवरच घ्या रे.” मग खुशीकडे वळले.

“चाललंय खरं. पण तू नेमकं बदललंस काय?”

खुशीनं त्यांच्या हातातल्या टोकनवरच्या पंचेचाळीसवर आणि मग त्यांच्या फोनवर बोट टेकवलं, लॅपटॉप मिटला, तोंडाला ओढणी बांधली आणि बाहेर पडली.