जेवण इथे येणार का?

सांगलीच्या एका कारखानदाराला मी माझं सॉफ्टवेअर दाखवत होते. तो मळणी यंत्रं बनवायचा. हंगामाआधी माल तयार नसला की शेतकरी दारात येऊन बसायचे, म्हणून त्याला कामाचं वेळापत्रक आखून देणारं काहीतरी हवं होतं. मशीन कुठलं, माणूस कोण, एका नगाला वेळ किती, असं भरत भरत आम्ही सुट्ट्यांपाशी आलो आणि त्यानं चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. स्क्रीनवर प्रश्न होता: जेवण इथे येणार का? हो किंवा नाही.

"मॅडम, चुकून हॉटेलाचं आणलंय काय?"

मी म्हटलं, कारखान्याचंच आहे, आणि आमच्या साताऱ्यात याच्याशिवाय एक लेथ चालत नाही. तो हसला. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय.

हा प्रश्न हवालदार काकांच्या वर्कशॉपात जन्माला आला. काका म्हणजे माझ्या वडिलांचे लष्करातले दोस्त. पलटणीच्या वर्कशॉपात लेथ चालवून निवृत्त झाले आणि इकडं येऊन काय, तर शिरवळच्या एका कंपनीच्या गेटावर उभे राहिले. गेटातनं पांढरी गाडी आत शिरली की सलाम ठोकायचा. "तिकडं ज्यास्नी सलाम केला त्यांच्या खांद्यावर काहीतरी हुतं," काका म्हणायचे, "हितं कुणाचा मेव्हणा आला तरी हात वर." शेवटी कंटाळून त्यांनी साताऱ्याच्या एमआयडीसीत एक शेड घेतली, जुनी लेथ मशीनं आणली आणि यंत्रांच्या लोखंडी पिना बनवायला सुरुवात केली. त्यांचं वर्कशॉप रडतखडत चालायचं. मग एक दिवस त्याच शिरवळच्या कंपनीनं त्यांना ट्रायल ऑर्डर दिली. ठरल्या तारखेला माल आला तर कायमचं काम. नाही आला तर लेथ विकायच्या आणि काकांनी परत त्याच गेटावर जाऊन उभं राहायचं. हे ते स्वतःच सांगायचे, हसत हसत, पण सांगताना उजवा हात खिशात घालायचे.

मी तेव्हा कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून घरी बसले होते. बसले होते म्हणजे काय, आई बसू कुठं देत होती. काकांनी वडिलांना विचारलं, पोरगी काय शिकलीय त्याचा आमाला उपयोग हाय का. वडील म्हणाले, आमाला तरी अजून झाला न्हाई, बघा तुमाला हुतोय का. अशा शिफारशीवर मी कामाला लागले.

कॉम्प्युटर काकांच्या केबिनमध्ये होता, लष्करी कांबळ्याखाली झाकलेला, कारण लोखंडाचा चुरा सगळीकडं उडायचा. मी फॉक्सप्रोमध्ये प्रोग्राम लिहिला. कुठला नग कुठल्या मशीनवर कधी चढवायचा, सगळं त्यात. सुट्ट्याही भरल्या: आठवड्याची सुट्टी, दिवाळी, पंधरा ऑगस्ट आणि चौदा एप्रिल. चौदा एप्रिल मी आठवणीनं भरला, कारण त्या दिवशी जयंतीची मिरवणूक सोडून आमच्या गल्लीतलं कुत्रंसुद्धा कामाला जात नाही. प्लॅन छापून आला. तारखेच्या आधीच माल तयार. मी तो भिंतीवर लावला, काका त्याच्यासमोर परेडीला उभे राहिल्यासारखे उभे राहिले, आणि मला लय भारी वाटलं.

मग चैत्र लागला.

पहिल्यांदा एक लेथवाला आला नाही. गावची जत्रा. ठीक आहे, एका माणसाचं काय एवढं. पण अकरा वाजता बघते तर ड्रिलवालाही नाही, ग्राइंडिंगवालाही नाही. हे दोघं दुसऱ्याच गावांचे. चौकशी केली तर कळलं, लेथवाल्यानं सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. आता जत्रेचं बोलावणं आणि न जाणं म्हणजे वैर. दुसऱ्या दिवशी माणसं आली, पण मटण जिरायला काही वेळ लागतोच. ती आली म्हणजे फक्त हजर झाली. तोवर ड्रिलवाल्याच्या गावची जत्रा लागली. पुन्हा सगळी शेड रिकामी. त्यानंतर ग्राइंडिंगवाल्याच्या सासुरवाडीची.

मला संताप आला तो माझ्या चुलतभावाचा. तोही तिथंच कामाला. आमचं घर बौद्ध, आजोबांच्या काळापासून आमच्यात ना जत्रा ना नवस. त्याला म्हटलं, तू रं कुठं गेला होतास? तुझा काय संबंध?

"देवाला कुठं गेलो हुतो? जेवाय गेलो हुतो की."

माझ्या प्रोग्रामात जत्रा नव्हतीच, कारण माझ्या घरात नव्हती. आणि काकांच्याही लक्षात आलं नाही, कारण त्यांचे सगळे चैत्र आधी सीमेवरच्या बर्फात आणि मग गेटावर गेले. भिंतीवरचा प्लॅन मात्र अजून ऐटीत लटकत होता. ट्रायलच्या पिना निम्म्याही झाल्या नव्हत्या. काका दिवसातनं कितीदा तरी त्याच्यापुढं जाऊन उभे राहायचे. आता परेडीसारखे नाही, दवाखान्यात रिपोर्टची वाट बघत उभं राहावं तसे. मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

मी प्रत्येकाला धरून विचारलं: तुझी जत्रा कधी, सासुरवाडीची कधी, मामाच्या गावची कधी? कुणी तारीख सांगेना. सगळे तिथी सांगणार: अष्टमी, पुनवंच्या दुसऱ्या दिवशी, असं. मग मी पंचांग विकत आणलं आणि घरी जमिनीवर पसरून बसले. आईनं कमरेवर हात ठेवून बघितलं.

"एवढं शिकवलं ते ह्यासाठी व्हय गं?"

"आगं, कारखान्याचं काम आहे."

"आसंल बाई. उद्या मुहूर्त काढून दे, चार पैसं तरी मिळतील."

जत्रा भरून प्लॅन पुन्हा काढला तर माल तारखेनंतर आठवड्यानं तयार होत होता. मी कागद काकांच्या हातात दिला. त्यांनी वाचला, घडी केली, खिशात ठेवला आणि चहा मागवला. मला रडू यायला लागलं होतं, म्हणून मी भांडायला सुरुवात केली. म्हटलं, काका, ज्याची जत्रा त्यानं जावं, एक माणूस नसला तर माझा प्लॅन सांभाळून घेतो. पण बाकीचे जातात ते फुकटच्या मटणासाठी. तेच मटण इथं आलं तर?

काकांनी चहाची बशी खाली ठेवली. "परत बोल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना शेडमध्ये उभं केलं. हुकूम साधा होता. ज्याची जत्रा त्याला रजा. पण त्याच्या घरनं डबा हितं आला पाहिजे, सगळ्यांना पुरंल असा. बोलावणंही राहिलं आणि मानही राहिला. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मग ग्राइंडिंगवाला म्हणाला, "आवं काका, रस्सा सांडंल की यष्टीत."

"माझी गाडी घिऊन जा."

आणि मी लगेच केबिनमध्ये जाऊन, सगळे दारातनं बघत असताना प्रोग्रामात तो प्रश्न घातला. 'नाही' भरलं की त्या दिवशी सगळी शेड रिकामी. 'हो' भरलं की एकच माणूस कमी. सगळ्या जत्रांपुढं 'हो' भरून बघितलं तर माल बरोब्बर ठरल्या तारखेला तयार होत होता. एक दिवसही शिल्लक नाही, पण तयार.

तो चैत्र आम्ही मटणावर काढला. वर्कशॉपात ऑइलच्या वासात रश्श्याचा वास मिसळला. माझा चुलतभाऊ तर मशीनवर उभा राहूनच विचारायचा, आज कुठल्या गावचं हाय? काम मात्र हललं.

फक्त एका माणसाची जत्रा मी भरली नव्हती. काकांना विचारलं की ते म्हणायचे, माझं सोड. शेवटी काकूंनीच सांगितलं. त्यांचं गाव शिरवळच्या वाटेवर, खंडाळ्याच्या अलीकडं, एका दिवसाची जत्रा, आणि देवाची उंच सासनकाठी पहिल्यांदा उचलायचा मान यांच्या घराण्याचा. आधी पलटणीत, मग गेटावर, चैत्रात एकदाही रजा मिळाली नाही. आणि आता स्वतःच मालक झाले, तर जत्रा नेमकी माल पोचवायच्या दिवशी.

मी म्हटलं, काका, तुम्ही जत्रेला जा, टेम्पोबरोबर मी जाते. ते म्हणाले, "काठी माझा भाव उचलंल गं. त्या गेटातनं मला माझा माल घिऊन जायचाय."

त्या दिवशी टेम्पोत ड्रायव्हर, काका आणि मधे दाटीवाटीनं मी. त्यांच्या गावच्या फाट्यावर काकू उभ्या होत्या, डोक्यावर पदर, हातात फडक्यात बांधलेला मोठा डबा. आत गावात ढोल वाजत होता. काका त्या दिशेला बघत नव्हते. काकूंनी डबा खिडकीतनं आत दिला आणि म्हणाल्या, "तुमच्या ह्या कॉम्प्युटरवाल्या पोरीनं जेवण येणार का म्हणून मला काय इचारलं न्हाई. पण दिलंय."

गेटावर काकांचा जुना जोडीदार होता. त्यानं आधी टेम्पो अडवला, कागद मागितले, मग आत वाकून बघितलं आणि खाडकन टाचा जुळवून सलाम केला.

"हात खाली घे रं गड्या," काका उतरत म्हणाले. "मटण गार हुतंय."

टेम्पो तपासणीला आत गेला. आम्ही गेटाजवळच्या खोलीत डबा उघडला. तिथं एकच स्टूल होतं, वर्षानुवर्षं काका ज्यावर बसले ते. त्यावरच ते बसले. गप्पा मारत जेवण तासभर चाललं असेल, तेवढ्यात आतनं पांढरी गाडी आली. जोडीदार रश्श्याचे हात घेऊन बाहेर धावला. काकांचाही हात उठला, अर्ध्यावर गेला, आणि हातात भाकरी होती म्हणून तिथंच थांबला.

साहेबानं काच खाली केली. "हवालदार, पिना पास झाल्या. पुढच्या महिन्यापासून चालू करू."

काकांनी भाकरी खाली आणली. त्यांचे डोळे भरून आले होते, आवाज मात्र नेहमीचाच.

"या साहेब, जेवाय या. आज आमची जत्रा हाय."

साहेब काय समजला कोण जाणे, पण उतरला. खोलीत येऊन बसायला जागा शोधायला लागला. काका स्टुलावरनं उठले नाहीत. त्यांनी भाकरीवर मटण वाढून त्याच्या हातात दिलं, आणि साहेब उभ्यानं जेवला.