चिंता व्यक्त करणारे देश आणि आमच्या हिचे मामा

जगातल्या कुठल्याही देशाने ‘चिंता व्यक्त’ केली की ती थेट पावस गावात आमच्या हिच्या मामांच्या पडवीत येऊन पडते आणि तिथून माझ्या डोक्यावर. मामा जन्मभर मालवाहू जहाजांवर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, होते. त्यामुळे समुद्र ही आपल्या घरची बाब आहे आणि बाकीचे देश तिथे पाहुणे आहेत, अशी त्यांची पक्की समजूत. तिकडे आखाताच्या तोंडाशी कुठल्याशा आरमाराने नाकेबंदी केली, येणारीजाणारी जहाजं अडवायला सुरुवात केली, आणि इकडे माझी झोप उडाली. कोंबडा आरवायच्या आत फोन. “जावईबापू, उठलात? आणखी एका देशान निषेध केलान. नुसता नाय, कडक!” मी जांभई आवरत म्हणतो, “बरं झालं.” “काय बरं झालं? बोट हलली काय?”

पण फोन ठेवून देणं जमत नाही. कारण अडकलेल्या त्या जहाजांपैकी एकावर मामांचा एकुलता एक मुलगा आहे, आमचा प्रकाश. पुढे जाऊ देत नाहीत, मागे फिरायला मालक सांगत नाही. पाणी मोजून, भाजी संपलेली. कधीमधी फोन लागतो आणि “बरा आहे” म्हणेपर्यंत तुटतो.

मामांनी देशांची प्रतवारीही लावली आहे. “नुसती चिंता म्हणजे कुंपणाच्या गडग्यापलीकडून विचारपूस. तीव्र चिंता म्हणजे खळ्यात येऊन विचारपूस. आणि निषेध म्हणजे पडवीत बसून, चहा पिऊन विचारपूस. घरातलं काम कोण करतोय, सांगा!” मासळीबाजारात त्यांना घेऊन जायची तर सोयच उरली नाही. परवा बांगड्याचा वाटा हातात धरून त्यांनी कोळणीला विचारलं, “तुझं काय मत, त्या नाकेबंदीविरुद्धचा ठराव मंजूर होयल?” मागे गिऱ्हाईकं खोळंबलेली. ती म्हणाली, “मामानू, बांगडे घ्या नायतर ठेवा. माझी नाकेबंदी कशाला करताव?” मामा हसले नाहीत. एरवी हसले असते.

गेल्या आठवड्यात गावच्या देवळात गाऱ्हाणं होतं. ते घालायचा मान मामांच्या घराण्याकडे. आमच्याकडची रीत अशी, की गाऱ्हाणं घालणारा साऱ्या गावासाठी मागतो. स्वतःसाठी, स्वतःच्या घरासाठी मागायचं नाही. नारळ हातात घेऊन मामांनी सुरुवात केली, “बा देवा म्हाराजा, ज्यांनी दर्यात वाट अडवलीय त्यांना सुबुद्धी दे!” लोक म्हणाले, “व्हय म्हाराजा!” मग मामांना राहवेना. एकेक देश घेतला. ह्याची चिंता खरी होऊ दे, त्याच्या निषेधाला दात फुटू दे, तो तिसरा गप्प बसलाय त्याला वाचा दे! दर देशामागे लोकांचं “व्हय म्हाराजा” बारीक होत चाललं. उभं राहून माझे पाय भरून आले. मनात म्हटलं, मामा, आटपा आता, देवालाही भूगोल झेपायचा नाही.

आणि मग ते म्हणाले, “त्या बोटींवर जी कोणाची पोरं हायत...” आणि थांबले. ओठ हलले, नाव बाहेर येईना. घेता येत नव्हतं ना!

तेवढ्यात मागून आवाज आला. मामांच्या चुलतभावाचा. जमिनीच्या वादावरून दोघांचं कित्येक वर्षं बोलणं नाही. तो खणखणीत म्हणाला, “आमच्या प्रकाशला सुखरूप घरी आण रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” असा आवाज त्या देवळात मी कधी ऐकला नव्हता. मीही ओरडलो, घसा बसेपर्यंत. मामांनी मान वर केली नाही.

प्रकाश अजून आलेला नाही. आता रविवारी मीच एसटीने पावसला जातो आणि मामांच्या शेजारी नुसता बसतो. खरं सांगतो, नुसती वाट बघून फार दमायला होतं. मामांना तर किती होत असेल.