कपाळावर काढलेली उजवी नाकपुडी

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी वॉर्डात कविताच्या कपाळावर पेनने नाकपुडी काढत होतो. मी धुळ्यात प्लास्टिक सर्जन. भोवती तीन शिकाऊ डॉक्टर उभे, त्यामुळे हातापेक्षा माझं तोंडच जास्त चालत होतं.

कविता आठ वर्षांची, साक्रीकडच्या खेड्यातली. कुत्र्याने तिची डावी नाकपुडी तोडली होती. जखम भरली, पण पोरीने नाकावरचा हात काही काढला नाही. शाळेत जेवायलाही भिंतीकडे तोंड करून बसायची.

"नाकाला शोभेल अशी कातडी कपाळावरच मिळते," मी सांगत होतो. "तिथली पट्टी कापायची, भुवईजवळ देठासारखी जोडलेली ठेवायची आणि फिरवून नाकावर बसवायची. देठातून रक्त मिळत राहतं. तीन आठवड्यांनी देठ कापायचा. माप घ्यायचं चांगल्या नाकपुडीवरून."

टाक्यांच्या दोऱ्याच्या पाकिटाची चकचकीत फॉइल मी उजव्या नाकपुडीवर दाबली, कापली, कपाळावर ठेवली आणि कडेने झोकात रेघ मारली.

"लहान मुलांचं कपाळ एवढंसं. चुकलं तर दुसरी पट्टी मिळणं कठीण," हेही वर मीच ऐकवलं.

कविताची आई सुनंदाबाई खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. त्या गावात ब्लाउज शिवतात.

"डॉक्टरसाहेब, हाऊ कागद उलटा ठेवाले जोयजे ना?"

"ताई, पंधरा वर्षं हेच करतोय मी."

"मी बी पंधरा वरीस बाह्या कापस. दोन्ही बाह्या एकच हातन्या कापी ऱ्हायनात तुम्ही."

मी पाहिलं. फॉइल न उलटता मी डाव्या बाजूला दुसरी उजवी नाकपुडी बसवायला निघालो होतो. तिघे शिकाऊ डॉक्टर एकदम पंख्याकडे बघू लागले.

"पेन चालतंय का ते बघत होतो," मी म्हणालो आणि स्पिरिटने कपाळ पुसलं. कविता फिस्सकन हसली.

फॉइल उलटून पुन्हा रेघ मारली. ऑपरेशन नीट झालं. नाकपुडीच्या कमानीला आधार म्हणून कानातली थोडी कूर्चा, म्हणजे मऊ हाड, घातली. तीन आठवडे कविताने त्या देठाला 'सोंड' म्हटलं, मग तो कापला. आता भीती एकच होती: नवी नाकपुडी आतून आक्रसून बंद होण्याची. ती उघडी राहावी म्हणून काही महिने घालायला छोटी नळी दिली.

सहा महिन्यांनी सुनंदाबाई चिडूनच आल्या.

"डॉक्टरसाहेब, इन्हं नाक गळी ऱ्हायनं. चार दिन झायात!"

"कुठल्या बाजूने?"

"दोन्हीकडथून!"

"वा!" माझ्या तोंडून निघालं. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट टॉर्च लावून नाक तपासलं. दोन्ही वाटा मोकळ्या. कविता "आँक्छी" करून माझ्या शर्टावर शिंकली. हात आडवा धरायचं तिला सुचलंच नाही.

सर्दीचं औषध लिहून दिलं.

हल्ली रेघ मारण्याआधी फॉइल मी तपासायला नातेवाइकांच्या हातात देतो आणि गप्प बसायचं ठरवतो. त्यातलं फॉइल देणं तेवढं जमतं.