ताईच्या हाती तलवार

माझे दाजी चष्मे बनवतात. गेली सव्वीस वर्षं लोकांच्या नाकावर ती जड चौकट चढवायची, भिंगं बदलायची आणि विचारायचं, "हे बरं, की आधीचं बरं?" समोरचा गोंधळला की दाजी मायेनं म्हणतात, "घाई नाही. पण एक काहीतरी सांगा." जगाकडून असे निर्णय वदवून घेणाऱ्या या माणसाला स्वतःला मात्र चहा घ्यायचा की कॉफी हे ठरवायला वेटरच्या दोन फेऱ्या लागतात.

अशा माणसानं पन्नाशीत कॉम्प्युटरवरच्या लढाईचा नाद लावून घेतला. त्या खेळात सहा सैनिकांची तुकडी असते. आधी आपण आपले सैनिक हलवायचे, मग शत्रू त्याचे हलवणार, मग पुन्हा आपण. मध्ये विचाराला हवा तेवढा वेळ. दाजींना हेच भावलं. एका चालीत त्यांनी जेवण, वामकुक्षी आणि दाढी उरकलेली मी पाहिली आहे. शत्रू बिचारा तोवर बंदूक रोखून उभा.

पण खेळाच्या दोन अटी फार कडक. मेलेला सैनिक परत येत नाही. आणि सैनिकाला बढती मिळाली की पडद्यावर दोन चौकोन येतात: तलवार उपसून शत्रूच्या अंगावर जाण्याची कला, किंवा सावलीसारखं लपून राहण्याची कला. दोन्हींतली एकच घ्यायची, आणि घेतली की बदलून मिळत नाही.

दाजींनी यावर तोडगा काढला. प्रत्येक सैनिकाला त्यांनी घरच्या माणसाचं नातं चिकटवलं.

"अनोळखी माणसाबद्दल मी काय ठरवणार?" ते मला म्हणाले. "माणूस माहितीतला असला की सोपं जातं."

खरोखर सोपं गेलं. 'सासूबाई' म्हणजे माझी आई. तिला त्यांनी अर्ध्या सेकंदात तलवार दिली. 'मेहुणा' म्हणजे मी. मला लपण्याची कला. कारण विचारलं तर म्हणाले, "गेल्या वेळी कपाट हलवायचं होतं तेव्हा तू कुठं होतास?" मी विषय वाढवला नाही.

अडलं ते एकाच सैनिकापाशी. त्याच्या डोक्यावर नुसतं 'ही' लिहिलं होतं. ही म्हणजे माझी ताई.

तिच्या बढतीचे दोन चौकोन तीन आठवडे तसेच पडून होते, आणि आता समोर किल्ल्याची मोहीम होती. बढती उरकल्याशिवाय खेळ पुढे सरकेना. रविवारी सकाळी दाजींनी मला सल्ल्याला बोलावलं.

"तलवार दिली तर ती पुढे जाईल," ते म्हणाले. "पुढे गेली तर मरेल."

"दाजी, ती बोटभर बाहुली आहे."

"तिच्यावर 'ही' लिहिलंय," दाजी म्हणाले, आणि त्यांचा आवाज चक्क कापला.

नेमकी तेवढ्यात ताई ड्युटीवरून आली. ती हॉस्पिटलात मुख्य नर्स आहे. पर्स खुर्चीवर टाकत तिनं पडद्याकडे पाहिलं.

"यात मी कुठली?"

दाजींनी बोट ठेवलं.

"ही कचऱ्याच्या डब्यामागे बसलेली?"

"हो."

"किती दिवस बसलेय?"

"चार महिने. पण एकाच डब्यामागे नाही हं. दर मोहिमेत वेगळा डबा."

"आणि आई?"

"त्या पुढे असतात. एकोणीस जण मारलेत त्यांनी."

"मी किती?"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी लपण्याची कला वापरली.

"एक," दाजी म्हणाले. "तो सासूबाईंनी अर्धा मारून ठेवला होता."

ताई शांतपणे खुर्चीत बसली. ती शांत झाली की वॉर्डातले डॉक्टरही हळू चालतात असं ऐकून आहे.

"अहो, चाळीस खाटा सांभाळते मी. धिंगाणा घालणाऱ्या पैलवानाला धरून इंजेक्शन देते. आणि तुम्ही मला डब्यामागे?"

"तू परत यावीस म्हणून गं," दाजी म्हणाले. "बाकीचे गेले तर मी दुसरे आणीन. तुझ्या जागी कुणाला आणू?"

ताई थोडी विरघळली. फार नाही.

"काळजी करा. पण उभं राहू द्या," ती म्हणाली, माउस ओढला आणि तलवारीवर टिचकी मारली. दाजींनी खुर्चीचा हात असा धरला की जणू विमान सुटलंय.

किल्ल्यात सासूबाई दारातल्या दोघांशी भिडल्या. मेहुणा अदृश्य होता आणि मदतीला पोहोचायला त्याला तीन चाली लागणार होत्या. शत्रूचा सेनापती समोर मोकळा उभा.

"मागे घे," दाजी म्हणाले.

"पुढे," ताई म्हणाली.

'ही' अंगण ओलांडून धावली आणि तिनं सेनापतीवर वार केला. तो डगमगला, पण पडला नाही. आता पाळी शत्रूची. दाजींनी डोळे मिटून घेतले, म्हणून पुढचं मलाच सांगावं लागलं.

"पहिली गोळी चुकली. दुसरी चुकली. तिसरी..."

"तिसरी काय?"

"लागली."

दाजींनी डोळे आणखी घट्ट मिटले.

"जिवंत आहे मी," ताई म्हणाली. "जिवाची एकच रेघ उरलीय, पण पुरेल." आणि तिनं सेनापतीला आडवा केला.

किल्ला पडला. दाजी डोळे पुसत हसत होते, मला मिठी मारत होते, ताईच्या खांद्याला हात लावून ती शाबूत असल्याची खात्री करत होते. मग पडद्यावर तुकडीचा अहवाल आला: 'ही' गंभीर जखमी, पंधरा दिवस पूर्ण विश्रांती.

ताईनं ते दोनदा वाचलं.

"सलग पंधरा? मध्ये कुणी बोलावणार नाही?"

"नाही. पण हे औषध आहे ना आपल्याकडे," दाजी उत्साहानं म्हणाले. "हे दिलं की पाच दिवसांत कामावर हजर."

ताईनं त्यांचा हात माउसवरून उचलला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

"पेशंटला झोपू द्या," ती म्हणाली आणि समोरच्या स्टुलावर पाय पसरून बसली.